डिसेंबरातले पानिपत

दिल्ली कॅन्टच्या क्वार्टरमध्ये वर्षअखेरीस शेजवलकरांचे ‘पानिपत १७६१’ कपाटातून खाली उतरते. ३१ डिसेंबरच्या रात्री मी त्यातली काही पाने घरच्यांना वाचून दाखवतो. ही आमची रीत.

पानिपत इथून सुमारे नव्वद किलोमीटर. १७६० च्या डिसेंबरात मराठे तिथे कोंडले गेले होते. ७ तारखेला बळवंतराव मेहेंदळे पडले. त्याच महिन्यात रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि छावणीत उपासमार वाढली. १४ जानेवारीला फौज उपाशीपोटी लढली. सोबत बायकामुलेही होती.

“मुलांना कशाला नेलं, बाबा?” लेकीने विचारले.

“तीर्थयात्रा घडेल म्हणून.”

फील्ड पोस्टिंगला तिला का नेत नाही, हे तिने पुन्हा विचारले नाही.