दगडाने चाळलेला प्राणवायू

दक्खनच्या लाव्हारसाचे थर पुण्या-नाशिकहून पूर्वेकडे थेट जबलपूरपर्यंत पोहोचले आहेत. त्या बेसाल्टच्या पोकळ्यांत, विशेषतः पुणे, नाशिक, जळगाव भागातील खाणींत, झिओलाइटचे देखणे स्फटिक सापडतात. घरगुती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालतो तो याच कुळातील पदार्थावर.

स्वीडनच्या क्रोन्स्टेटने 1756 मध्ये असा एक दगड तापवला, तेव्हा तो फसफसला. म्हणून ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे हे ग्रीक नाव. फसफस होती सूक्ष्म छिद्रांत अडकलेल्या पाण्याची. 1949 च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट मिल्टन यांनी मोजक्या मापाच्या छिद्रांचे कृत्रिम झिओलाइट घडवले आणि 1960 मध्ये चार्ल्स स्कारस्ट्रॉम यांना दाब चढवत-उतरवत वायू वेगळे करण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. दाबाखाली झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. दाब उतरला की नायट्रोजन सुटतो. दोन नळकांडी आलटून पालटून हेच करीत राहतात.

या यंत्राची गरज पटली ती 1980 आणि 1981 मध्ये, अमेरिका व ब्रिटनमधील दोन चाचण्यांनंतर. जुनाट फुप्फुसविकाराने रक्तातील ऑक्सिजन फार घटलेल्या रुग्णांना रोज 15 तास वा अधिक ऑक्सिजन दिल्यास आयुष्य वाढते, असे त्यांतून दिसले. मिनिटाला 2 लिटर धरले, तरी 7000 लिटरचा सिलिंडर चार दिवसांत रिकामा होतो. घरोघरी ते कसे जमावे?

2021 च्या उन्हाळ्यात आपण हे सारे घाईने शिकलो. मे महिन्यात ऑक्सिजन प्रकल्पांसाठी झिओलाइट रोमहून विमानाने बेंगळुरूला आणावा लागला. दक्खनचे स्फटिक त्या कामी तसेच्या तसे येत नाहीत. त्यासाठी बहुधा लिथियमयुक्त कृत्रिम झिओलाइट लागतो. त्याच महिन्यात, भेट म्हणून परदेशातून आलेल्या वैयक्तिक वापराच्या यंत्रावरील 12 टक्के आयजीएसटी दिल्ली उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. 1 जूनला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

आज जबलपूरच्या रिछाईत असो वा रत्नागिरीत, यंत्र घेताना डॉक्टरांनी लिहून दिलेला प्रवाह आधी पाहावा. मग त्याच प्रवाहाला शुद्धता किती, हे विचारावे. ‘1 ते 7 लिटर’ असे मिरवणारी काही स्वस्त यंत्रे 1 लिटरला 90 टक्के देतात आणि 7 लिटरला निम्म्याहूनही खाली घसरतात. श्वासागणिक झोत सोडणारे यंत्र प्रवासाला सोयीचे. झोपेत ते चालेल का, हे डॉक्टरांनीच ठरवावे. वीज गेली तर काय, याची सोय मात्र यंत्राबरोबरच करावी. जबलपूरची उंची सुमारे 400 मीटर, तेव्हा विरळ हवेची चिंता तेथे नाही.

आणखी एक. झिओलाइट आर्गॉनला अडवत नाही. तो ऑक्सिजनबरोबरच बाहेर येतो, म्हणून शुद्धता 95 टक्क्यांच्या आसपास थांबते. खोक्यावर 99 लिहिले असेल, तर आर्गॉन कुठे गेला, हे विक्रेत्याला जरूर विचारावे.