पांढरी रानं

आमच्या उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते. तिथून नदीकाठानं खाली वाळव्या-मिरजेकडे गेलं की उसाच्या रानांत मधेच पांढरे पट्टे दिसतात. क्षारपड! काळी माती पाणी धरून ठेवते. उसाला पाणी सोडत राहायचं आणि निचरा नाही, मग जमिनीतलं पाणी वर येतं. ते उन्हानं उडून जातं, मीठ तेवढं मागं राहतं.

यात नवीन काहीच नाही हो. तिकडे पुणे जिल्ह्यात नीरा डावा कालवा १८८५ साली झाला आणि पुढं त्याच्याखालची रानंही अशीच खारावली. १९१६ मध्ये मुंबई सरकारनं सिंचनासाठी खास विभाग काढला (खडकवासल्याची जलसंशोधन संस्था ती हीच). तिथल्या इंग्लिससाहेबानं निचऱ्याच्या चरांवर काम केलं. म्हणजे रोग आणि औषध दोन्ही कधीचंच माहीत होतं. तरी कृष्णाकाठी उपसा योजना आल्या, कारखाने आले, चर मात्र मागं पडले.

वाळव्याला आमच्या मामांच्या दीड एकरात आता गवतही धड येत नाही. जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालायचं त्यांनी ठरवलंय. पण मिठाचं पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं तर खालच्या तिघांच्या रानातून वाट हवी. दोघं तयार आहेत. तिसऱ्याकडे मामा येत्या रविवारी पुन्हा जाणार आहेत.