न शिवता उतणारे गवत

मराठीत ‘बिब्बा उतणे’ हा प्रयोग जुना आहे, आणि ॲलर्जी हा शब्द कानांवर येण्यापूर्वीच या भाषेच्या लोकांना तिचा एक प्रकार किती जवळून ठाऊक होता याची ती साक्ष आहे. बिब्ब्याचे तेल कातडीला लागले की काही माणसांना दोनएक दिवसांनी तेथे लाल चट्टे उठतात, पाण्याचे फोड येतात, खाजेने झोप उडते, तर दुसऱ्या कुणाला त्याच तेलाने काहीच होत नाही. धोबी कपड्यावर बिब्ब्याने जी खूण घालीत ती मानेला किंवा कमरेला टेके, आणि ज्याला उतायचे त्याला नेमके तेथेच उते. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांना या खुणांचा इतका त्रास झाला की १९४३ मध्ये त्यांच्या लष्करी डॉक्टरांनी त्यावर लेख प्रसिद्ध केला. या साऱ्या प्रकरणात एक सोय होती : अपराधी शोधत बसावे लागत नसे. स्पर्श जेथे, चट्टा तेथे. पुण्यात १९५० नंतरच्या दोन दशकांत जो त्वचाविकार दिसू लागला, त्याने ही सोय काढून घेतली.

या विकाराच्या मुळाशी असलेल्या वनस्पतीचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मराठीत तिला गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणतात. खरे तर ते गवत नव्हेच. सूर्यफूल आणि शेवंती ज्या कुळातली, त्याच कुळातले हे कंबरेपर्यंत, कधी खांद्यापर्यंत वाढणारे झुडूप आहे. पाने गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली, खोडावर उभ्या रेघा, आणि शेंड्याला ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी, पंचकोनी दिसणारी फुले. भिंग धरून पाहिले तर पान, देठ आणि खोड या सर्वांवर बारीक लव आढळते, आणि पुढे जे घडले त्यात या लवेचा वाटा मोठा आहे. मूळचे मेक्सिकोच्या आखाताभोवतीच्या प्रदेशातले हे झाड उकरलेल्या, उघड्या पडलेल्या मातीत फोफावते. एक जोमदार झाड हजारो बिया टाकते आणि गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत, चुकून खाल्लेच तर दुधाला कडवट चव येते.

ते भारतात कसे आले, याचे महाराष्ट्रात सर्वतोमुखी असलेले उत्तर असे की ‘पीएल ४८०’च्या गव्हाबरोबर. अमेरिकेच्या १९५४ च्या या कायद्यान्वये तिचे शिलकी धान्य इतर देशांना सवलतीने मिळे, आणि रेशनच्या रांगेत उभे राहून अमेरिकी लाल गहू व मिलो घेतलेल्या पिढीला परक्या धान्यासोबत परके तणही आले हे पटणे स्वाभाविक होते. कागदपत्रे मात्र इतकी सरळ नाहीत. या कायद्याखाली भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला, आणि पुण्यात ही वनस्पती त्याआधीच आढळली होती; वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी भारतातील नवी नोंद म्हणून तिच्याविषयीचे टिपण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ मध्येच प्रसिद्ध केले. अमेरिकेकडून धान्य १९५१ च्या कर्जाखालीही आले होते, त्यामुळे गव्हावरचा संशय पुरता फिटत नाही. पण वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्या कलकत्त्याच्या उद्यानातील वनस्पतींच्या १८१४ च्या यादीत हे नाव आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोळा केलेला नमुना डेहराडूनच्या वनस्पतिसंग्रहात आहे. तेव्हा गव्हाने हे झाड प्रथम आणले असे म्हणण्यापेक्षा, आधी कुठे कुठे तुरळक असलेल्या झाडाला पन्नाशीच्या दशकात नवे बी आणि मोकळी माती मिळाली असावी, असे म्हणणे अधिक सुरक्षित. काँग्रेस हे नावही असेच दुहेरी आहे : कुणी ते गांधी टोपीसारख्या पांढऱ्या फुलांवरून आले म्हणतात, कुणी तेव्हाच्या सत्ताधारी पक्षावरून. दुसऱ्या व्युत्पत्तीत कुचेष्टाच अधिक दिसते.

वनस्पतीची नोंद १९५६ ची, आणि तिच्यामुळे साथीसारख्या पसरलेल्या त्वचाविकाराविषयी पुण्याचे डॉ. लोणकर आणि डॉ. जोग यांनी लिहिले ते १९६८ मध्ये. या बारा वर्षांच्या अंतराचे एक कारण रोगाच्या स्वभावातच आहे. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला तो ‘वेगळी’ आणि ‘क्रिया’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून, कारण एखाद्या पदार्थाशी एकदा गाठ पडलेले शरीर पुढच्या गाठीला वेगळे वागते हे त्यांच्या ध्यानात आले होते. मराठीतला ‘वावडे’ हा शब्द छान आहे, पण तो माणसाच्या जन्मजात प्रकृतीकडे बोट दाखवतो. पिर्के यांचा शब्द काळाकडे. वावडे बहुधा जडते, आणि जडायला आधी ओळख व्हावी लागते. परागकण किंवा शेंगदाण्याने काही मिनिटांत शिंका येतात, अंगावर गांधी उठतात वा धाप लागते, त्या प्रकारात आयजीई नावाची प्रतिद्रव्ये, म्हणजे रक्तातील विशिष्ट प्रथिने, काम करतात. गाजर गवताचा त्वचाविकार याहून निराळा. त्या झाडाच्या लवेत पार्थेनिन नावाचे कडू रसायन साठलेले असते. त्याचे लहान रेणू कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात, त्या जोडीला शरीर परके मानते आणि टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी तिची खूण लक्षात ठेवतात. ही ओळख पक्की व्हायला महिने, कधी वर्षे लागतात, आणि त्यानंतर प्रत्येक गाठीला एकदोन दिवसांनी कातडी पेटते. झाड पहिल्यांदा उपटणाऱ्याला म्हणूनच काही होत नाही.

दुसरे कारण स्पर्शाचे. रुग्णाने त्या झाडाला हात लावलेला असेच असे नाही. फुलोरा वाळला की पानांचा भुगा आणि तुटलेली लव वाऱ्यावर धुळीबरोबर उडते आणि उघड्या अंगावर, विशेषतः घाम साचतो तेथे, बसते. म्हणून विकार चेहऱ्यावर, पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या व गुडघ्याच्या लवणीत दिसे. प्रथमदर्शनी तो उन्हाचा वाटे. फरक ओळखण्याची जागा मात्र ठरलेली होती : वरच्या पापण्या, कानामागची खाच आणि हनुवटीखालचा सावलीतला भाग. ऊन तेथे नीट पोचत नाही, धूळ पोचते. खात्री होई ती पॅच टेस्टने, म्हणजे संशयित पदार्थ पट्टीखाली पाठीवर दोन दिवस ठेवून खालची कातडी पाहण्याच्या चाचणीने, जिची पद्धत योजेफ याडासोन यांनी १८९० च्या दशकात घालून दिली होती. लोणकर यांनी व्हँकुव्हरचे मिचेल आणि लंडनचे कॅल्नन यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखानंतर पुण्याचे हे तण जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या परिचयाचे झाले.

रुग्णांत भरणा बाहेर उघड्यावर काम करणाऱ्या प्रौढ पुरुषांचा होता, त्यातही शेतकऱ्यांचा, मुले क्वचितच. सुरुवातीला त्रास हंगामी असे, पावसाळ्यानंतर वाढे आणि थंडीत बसे, पण वर्षे गेली की तो बारमाही होई, कातडी जाड आणि काळपट पडून कपाळावर व मानेवर घड्या येत, आणि काहींना नुसते ऊनही सोसेनासे होई. यातला वैद्यकीय सल्ला एका वाक्याचा आहे, झाडापासून दूर राहा. आणि ज्याच्या बांधावर, गोठ्यामागे आणि गावच्या रस्त्याच्या दोन्ही कडांना तेच झाड आहे त्याने तो पाळायचा म्हणजे शेतच सोडायचे. स्टेरॉइड दिले की चट्टे बसत, थांबवले की उठत, म्हणून पुढे दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध या विकारासाठी वापरून पाहिले आणि ते रुळले. याच झाडाचे परागकण नाक गळण्याचा आणि शिंकांचा निराळा त्रास देतात, हे बंगळूरच्या संशोधकांनी दाखवून दिले. एकाच झाडाने दोन वाटांनी दोन प्रकारची ॲलर्जी द्यावी, हे एरवी सहज दिसत नाही.

तणाला आवर घालण्यासाठी १९८३ मध्ये मेक्सिकोतून झायगोग्रामा नावाचा भुंगेरा बंगळूरला आणला गेला आणि पुढच्या वर्षी मोकळा सोडण्यात आला. मेक्सिकन भुंगेरा म्हणून तो आता महाराष्ट्रातही ठाऊक आहे. पावसाळ्यात तो आणि त्याच्या अळ्या पाने खाऊन झाडाचा नुसता सांगाडा ठेवतात, पण पाऊस सरला की तो मातीत निजतो आणि तेवढ्यात झाड पुन्हा फुलते. मोकळ्या जागी तरोटा पेरून गाजर गवताला जागाच न ठेवण्याचा उपायही सांगितला जातो. याशिवाय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या आठवड्यात देशभर निर्मूलन मोहीम निघते, शाळा-महाविद्यालयांची मुले त्यात उतरतात, आणि त्यांना दिल्या जाणाऱ्या सूचनांत झाडे फुलावर येण्याआधी मुळासकट उपटावीत याबरोबरच हातमोजे घालावेत आणि नाकातोंडाला फडके बांधावे असेही सांगितलेले असते.