रोपांच्या दिव्याची कुळकथा

बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतीत प्रकाशाचा प्रश्न येतो तो बहुधा उन्हाला आवर घालण्याचा. देऊळगाव राजा परिसरात भाजीपाल्याच्या बीजोत्पादनासाठी उभारलेली शेडनेट त्याची साक्ष देतात. रोपांवर एलईडी टांगण्याची कल्पना त्यामुळे येथे परकी वाटते खरी, परंतु तिचे मूळ सोयाबीनमध्ये, म्हणजे या जिल्ह्याच्या खरिपातील प्रमुख पिकातच सापडते.

अमेरिकेच्या कृषी विभागातील गार्नर आणि अलार्ड यांना असे आढळले, की ‘बिलॉक्सी’ सोयाबीन मागेपुढे पेरले तरी फुलावर साधारण एकाच सुमारास येते. १९१८च्या जुलैत त्यांनी सोयाबीन व तंबाखूची रोपे दिवसाउजेडीच अंधाऱ्या खोपटात नेण्यास आरंभ केला आणि दिवस असा आखूड होताच ती लवकर फुलली. दिवसरात्रीच्या लांबीला वनस्पती देत असलेल्या या प्रतिसादाला दीप्तिकालिता म्हणतात. बुलढाण्यात जूनमधला सव्वातेरा तासांचा दिवस डिसेंबरात अकरा तासांवर येतो. पाऊस लांबून पेरणी उशिरा झाली की सोयाबीन बुटकेच असताना फुलते, त्याचे हे एक मोठे कारण.

१९४६मध्ये याच विभागाच्या बेल्ट्सव्हिल येथील संशोधन केंद्रात पुन्हा बिलॉक्सीवरच प्रयोग होऊन, रात्र मध्येच प्रकाशाने तोडली तर फुलोरा अडतो आणि त्यात तांबडा रंग सर्वांत प्रभावी ठरतो, हे सिद्ध झाले. प्रश्न झगमगाटाचा नसून रंगाचा आहे, हा या कुळकथेतला कळीचा टप्पा होय. कारण साधा बल्ब बरीचशी वीज उष्णतेत घालवतो, तर एलईडी, म्हणजे वीज वाहताच उजळणारा अर्धवाहकाचा कण, नेमका रंग देतो. होलोनियाक यांनी १९६२मध्ये तांबडा एलईडी घडवला. निळा मात्र आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांच्या प्रयत्नांनी १९९०च्या दशकात साधला. निळ्या कणावर पिवळा उजेड देणारा लेप चढवला की पांढरा प्रकाश मिळतो, आणि घरोघरच्या एलईडी ट्यूबमध्ये असतो तो हाच.

या पांढऱ्यात तांबडा आणि निळा दोन्ही असतात; म्हणूनच खिडकीकडे मान वाकवून लांबट, पिवळट झालेल्या मिरचीच्या रोपाला महागडे जांभळे पॅनेल लागत नाही. पांढऱ्या एलईडीची पट्टी, तिची उष्णता ओढून घेणारी अ‍ॅल्युमिनियमची फळी आणि घरच्या विजेचे एलईडीला झेपणाऱ्या एकदिश विजेत रूपांतर करणारा ड्रायव्हर एवढे साहित्य पुरते. दिवा शेंड्यापासून वीतभर उंच टांगून चौदा ते सोळा तास चालू ठेवावा. सोयाबीनला मात्र हे वेळापत्रक मानवत नाही: त्याच्या पैदाशीसाठी संशोधक एलईडी रोज दहाच तास लावतात आणि वर्षाला पाच पिढ्यांपर्यंत मजल मारतात.