विसर्जन नसलेल्या मूर्ती

पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुक या गावी 11 सप्टेंबर 1895 रोजी विनोबा भावे जन्मले. घरच्या गणपतीची आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. आजोबा मुलांकडून चंदन उगाळून घेत, त्या गंधाची मूर्ती घडवत. तिची मनोभावे पूजा होई आणि ठरल्या दिवशी ती पाण्यात सोडली जाई. आवाहनाइतकेच विसर्जनही धर्माचे अंग आहे, हा धडा त्या घराने मुलांना असा दिला. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातला मूर्तिव्यवसायही याच रीतीवर पोसला. मूर्तीचे आयुष्य दीड दिवसाचे किंवा दहा दिवसांचे. त्यामुळे कारागिराचे सारे कसब घडवण्यात, रंगकामात आणि डोळ्यांच्या आखणीत उतरले. दहा वर्षांनी ही मूर्ती कशी दिसेल, हे त्याला कुणी विचारलेच नाही. शाडूच्या जोडीला प्लास्टर ऑफ पॅरिस आले, तरी हा हिशेब तोच राहिला.

फायबरने तो मोडला. 1930च्या दशकात अमेरिकेत काचेचे तंतू कारखान्यात निघू लागले, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॉलिस्टर रेझिनशी त्यांची जोडी जमली आणि त्यातून होड्या झाल्या, पुतळेही झाले. वजनाला हलका आणि ब्राँझपेक्षा कितीतरी स्वस्त म्हणून फायबरचा पुतळा आपल्या चौकाचौकांत, बागांत आणि शाळांच्या आवारांत पोचला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020मध्ये प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना दिल्या. अलीकडे काही गणेशोत्सव मंडळे मोठी मूर्ती फायबरची करून कायम ठेवतात आणि विसर्जनासाठी लहान मातीची मूर्ती आणतात. विरघळणारी मूर्ती घडवणाऱ्या समाजाने न विरघळणारी मूर्ती स्वीकारली. तिच्याबरोबर येणारी जबाबदारी मात्र स्वीकारली नाही.

‘फायबरला काही करावे लागत नाही’ हा समज इथे आड येतो. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने ऊन तापते. पुतळ्याच्या उन्हाकडच्या खांद्यावर तळवा फिरवला तर पांढरी भुकटी हाताला लागते: अतिनील किरणांनी वरचा जेलकोट, म्हणजे रेझिनचा संरक्षक थर, झिजल्याची ती खूण. पुढे काचेचे तंतू उघडे पडतात, घोट्याशी केसासारख्या चिरा येतात, पाणी आत शिरते. आतला लोखंडी सांगाडा गंजून फुगतो आणि भोवतीचा थर फोडतो; चौथऱ्यावर तांबूस ओघळ दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. जयंतीच्या आदल्या दिवशी दिलेला ऑइलपेंटचा हात ही देखभाल नव्हे. त्याने चिरा झाकल्या जातात, भुकटीवरचा रंग पापुद्र्यांनी सुटतो आणि थरांवर थर चढून नाकडोळे बुजतात.

मग ब्राँझच का घेऊ नये, असे कुणी म्हणेल. पण मालवणच्या राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 रोजी अनावरण झालेला ब्राँझचा शिवपुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला, तेव्हा आतल्या सांगाड्याचा आणि गंजाचाच प्रश्न पुढे आला. धातू महाग घेतला म्हणून काळजी टळत नाही. गावांकडे यासाठी पैसा कुठून येणार, हा आक्षेप अधिक खरा आहे. त्याला उत्तर आपल्याच जुन्या रीतींत मिळते. कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारण्याची चाल होती. पंढरपूरच्या दगडी विठ्ठलमूर्तीवरही वेळोवेळी वज्रलेप झाला आहे. आणि 1 जूनपासून मासेमारी बंद झाली की कोळी बांधव होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांची डागडुजी करतात. त्यांतल्या कितीतरी होड्या याच फायबरच्या असतात. तडा घासून कोरडा करणे, काचतंतूंची नवी मॅट आणि रेझिन बसवणे, वर जेलकोट देणे ही कामे करणारे हात म्हणजे पुतळ्याला लागणारेच हात आहेत. ते किनाऱ्यावर तयार आहेत, चौकात त्यांना कुणी बोलावत नाही.

खर्च मोठा नाही, नेम मोठा आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर सौम्य साबणाने धुणे, तारेचा ब्रश टाळणे, तळाची पाणी निघायची भोके मोकळी ठेवणे, चिरा व गंज तपासून नोंदवणे आणि काही वर्षांनी उन्हाला टिकणारा लेप देणे एवढेच काम आहे. पुतळ्याच्या अनावरणाचा ठराव करतानाच ग्रामपंचायतीने किंवा नगरपालिकेने या कामाची तरतूद आणि जबाबदार माणूस ठरवावा. विसर्जनाची रीत आपण पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धेने पाळली. ज्या मूर्तीचे विसर्जन करायचे नाही, तिची निगा राखणे हीच तिची पूजा आहे.