'ज्यूलिअस सीझर' : रोमचा इतिहास आणि १५९९ चे लंडन

विल्यम शेक्सपिअरच्या 'ज्यूलिअस सीझर' या शोकात्मिकेचे अध्यापन आपल्या पदवी वर्गांत बहुधा ब्रूटसच्या स्वभावदोषापासून सुरू होते आणि अँटनीच्या वक्तृत्वापाशी संपते. नाटक कोणत्या वर्षी, कोणत्या रंगमंचावर आणि कोणत्या राजकीय वातावरणात उभे राहिले, हा भाग पार्श्वभूमीच्या एका परिच्छेदात उरकला जातो. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी की, ही पार्श्वभूमी बाजूला ठेवली तर सीझरच्या हत्येचा प्रश्न निव्वळ नैतिक उरतो आणि त्यातील राजकारण हरवते.

२१ सप्टेंबर १५९९ रोजी थॉमस प्लॅटर हा बाझलचा प्रवासी दुपारच्या जेवणानंतर टेम्स नदी ओलांडून गवताने शाकारलेल्या एका नाट्यगृहात गेला. तेथे त्याने पहिला सम्राट ज्यूलिअस सीझर याची शोकात्मिका सुमारे पंधरा पात्रांनी सादर केलेली पाहिली. नाट्यगृहाचे नाव त्याने दिलेले नाही. तथापि ते ग्लोब असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ग्लोब तेव्हा अगदी नवे होते. शोरडिच येथील 'थिएटर' या जुन्या नाट्यगृहाच्या जागेचा करार संपल्यावर जमीनमालकाशी वाद झाला आणि १५९८ च्या डिसेंबरअखेरीस लॉर्ड चेंबरलेनच्या नटमंडळीने ते लाकडी नाट्यगृहच उतरवून घेतले. त्याच लाकडांतून नदीच्या दक्षिण तीरावर ग्लोब उभे राहिले.

प्लॅटरने सीझरला 'सम्राट' म्हटले, ही चूक बोलकी आहे. सीझर कधीच सम्राट नव्हता. इ. स. पूर्व ४४ मध्ये त्याने तहहयात 'डिक्टेटर'पद स्वीकारले आणि त्याच वर्षी १५ मार्च रोजी त्याची हत्या झाली. ऑक्टेव्हिअनला 'ऑगस्टस' ही पदवी मिळाली ती इ. स. पूर्व २७ मध्ये. म्हणजे ज्या क्षणी प्रजासत्ताक मोडत होते, पण राजेशाही अजून जन्मली नव्हती, तो क्षण नाटककाराने निवडला. इंग्लंडमध्ये राजेशाही होती. मात्र पुढे ती कोणाच्या हाती जाणार, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या सप्टेंबरात राणी एलिझाबेथला ६६ वर्षे पूर्ण झाली होती. ती अविवाहित होती आणि तिने वारस जाहीर केलेला नव्हता. या विषयावरील लेखन १५७१ च्या कायद्याने दंडनीय ठरवले होते. वारसाचा प्रश्न लावून धरणारा पार्लमेंटचा सदस्य पीटर वेंटवर्थ १५९३ मध्ये टॉवरमध्ये डांबला गेला आणि कैदेतच वारला.

१ जून १५९९ रोजी कँटरबरीचे आर्चबिशप व लंडनचे बिशप यांनी उपहासपर लेखनावर बंदी घातली. इंग्लंडच्या इतिहासावरील पुस्तकांना प्रिव्ही कौन्सिलची अनुमती आवश्यक ठरवली. चौथ्या हेन्रीवरील जॉन हेवर्डचे पुस्तक अर्ल ऑफ एसेक्सला अर्पण केलेले असल्याने संशयास्पद ठरले आणि त्याची दुसरी आवृत्ती जाळण्यात आली. स्वदेशाचा इतिहास असा जोखमीचा झाल्यावर रोमचा इतिहास अधिक सुरक्षित होता. तथापि सीझर म्हणजे एलिझाबेथ आणि ब्रूटस म्हणजे एसेक्स असे कोष्टक मांडण्याचा मोह आवरावा लागतो. एसेक्स आयर्लंडहून परवानगीशिवाय परतला तो २८ सप्टेंबर रोजी, म्हणजे प्लॅटरने नाटक पाहिल्यानंतर; आणि त्याचे बंड १६०१ चे. नाटक भाकीत करत नाही. जे उघड बोलता येत नव्हते, त्याचा विचार करण्यास ते जागा देते.

ही जागा शेक्सपिअरने कशी निर्माण केली, हे त्याच्या आधारग्रंथाशी तुलना केल्यास दिसते. जाक आम्योच्या फ्रेंच भाषांतरावरून थॉमस नॉर्थने केलेले प्लूटार्कच्या चरित्रांचे इंग्रजी भाषांतर १५७९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. लुपर्केलिया उत्सवात धावणाऱ्यांचा स्पर्श वांझपण दूर करतो, ही समजूत प्लूटार्क नोंदवतो. परंतु सीझर अँटनीला कॅल्पर्निआला स्पर्श करावयास सांगतो, हा प्रसंग शेक्सपिअरचा. सीझर प्रथमच रंगमंचावर येतो आणि सर्वांत आधी बोलतो ते आपल्या निपुत्रिकतेविषयी. १५९९ च्या लंडनमध्ये हे ऐकणाऱ्याला वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज नव्हती.

काळाचा संकोच हा दुसरा बदल. पाँपेच्या पुत्रांवरील विजयाची मिरवणूक इ. स. पूर्व ४५ च्या ऑक्टोबरातील आणि लुपर्केलिया पुढील फेब्रुवारीतील; नाटकात दोन्ही एकाच दिवशी येतात. अंत्ययात्रा हत्येनंतर काही दिवसांनी झाली, येथे ती लगेच होते. हत्याही पाँपेने बांधलेल्या सभागृहात न होता कॅपिटॉलवर होते. परिणामी कटकर्त्यांना, आणि प्रेक्षकांनाही, विचार करण्यास उसंत मिळत नाही.

परंतु सर्वांत महत्त्वाचे आहे ते जनसमूहाचे चित्रण. प्लूटार्कच्या वृत्तांतात सीझरच्या पुतळ्यांवरील राजमुकुट उतरवणाऱ्या ट्रिब्यूनांमागे लोक टाळ्या वाजवत जातात. राजपद त्यांना नको आहे. शेक्सपिअर मात्र सुरुवातीलाच सुटी साजरी करायला निघालेला चांभार आणि सुतार आणतो, आणि ट्रिब्यून त्यांनाच दटावतात. अँटनीच्या भाषणाला प्लूटार्कने जेमतेम काही ओळी दिल्या आहेत. नाटकात तो संपूर्ण प्रसंगाचा कणा होतो. येथे ग्लोबची रचना कामी येते. छत नसलेल्या चौकात, दिवसाउजेडी, एका पेनीत प्रवेश घेतलेले शेकडो लोक रंगमंचाच्या तीन बाजूंना उभे असत. रोमन नागरिकांना उद्देशून बोलणाऱ्या नटासमोर प्रत्यक्ष लंडनचा जमाव असे. ब्रूटस गद्यात बोलतो, तेव्हा हाच जमाव त्याला नवा सीझर करावयास निघतो. अँटनी पद्यात बोलतो आणि तोच जमाव घरे पेटवावयास धावतो. काही वेळाने केवळ नामसाधर्म्यामुळे कवी सिन्ना मारला जातो. वर्गात मी हा छोटा प्रवेश वगळत नाही, जरी परीक्षेत त्यावर प्रश्न क्वचितच येतो.

वेशभूषेबाबतही रोम आणि लंडन वेगळे राहत नसत. सरदारांनी नोकरांना दिलेले कपडे नट विकत घेतात, असे प्लॅटरनेच नोंदवले आहे. नाटकात ठोके देणारे घड्याळ आहे, ते तर सीझरच्या रोममध्ये असणेच अशक्य. ही चूक म्हणून दाखवण्यात आपण फार वेळ घालवतो. तो काळ प्रेक्षकांचा आहे, एवढेच ते ठोके सांगतात.

नाटक १६२३ च्या फोलिओपर्यंत छापले गेले नाही. त्याचे पहिले प्रेक्षक ते ऐकून-पाहूनच घरी परतले. प्लॅटरने राजहत्येविषयी काहीही मत नोंदवलेले नाही. नाटक संपल्यावर दोन नट पुरुषवेशात आणि दोन स्त्रीवेशात आले व त्यांनी फार सुरेख नृत्य केले, एवढे मात्र त्याने आवर्जून लिहून ठेवले.