फेयॉलचा व्यवस्थापन सिद्धांत

व्यवस्थापन हे शिकवता येण्याजोगे स्वतंत्र कार्य मानणारी विचारप्रणाली. फ्रेंच खाण-अभियंता आंरी फेयॉल (१८४१–१९२५) याने १८८८ ते १९१८ या काळात एका खाण व पोलाद कंपनीचे नेतृत्व केले आणि त्या अनुभवावरून १९१६ मध्ये ती मांडली. नियोजन, संघटन, आदेश, समन्वय व नियंत्रण ही तीत ५ कार्ये असून तत्त्वे १४ आहेत. या तत्त्वांनुसार कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावेत. अधिकाराची साखळी सलग असावी, मात्र तातडीच्या कामी समान पातळीवरील दोघांनी वरिष्ठांच्या संमतीने परस्पर संपर्क साधावा (पहा : अधिकारश्रेणी). नियोजनासाठी वार्षिक व दशवार्षिक अंदाज सांगितले आहेत. पद जितके वरचे तितकी तांत्रिक ज्ञानाहून प्रशासकीय क्षमतेची गरज अधिक, म्हणून अभियांत्रिकी शिक्षणात प्रशासनाचा समावेश व्हावा, हा त्याचा विशेष आग्रह होता. शास्त्रीय व्यवस्थापनाचा पुरस्कर्ता टेलर याने कामगाराच्या कामाचा अभ्यास केला, तर फेयॉलने संपूर्ण संस्थेचा (पहा : शास्त्रीय व्यवस्थापन).